एम्प्रेस बागेतील धडा

पुण्यात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ एम्प्रेस बाग आहे. १८३० साली स्थापन झालेली अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था तिची व्यवस्था पाहते, व जानेवारीच्या अखेरीस तेथे पुष्पप्रदर्शन भरते. जुन्या विशाल वृक्षांच्या छायेतून चालत आम्ही यंदा तेथे गेलो ते केवळ शोभा पाहण्यास नव्हे. आमची एक अडचण होती, आणि तिचे नाव पॅन्झी.

हे फूल मूळचे आपल्याकडील नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील बागवानांनी युरोपातील एका तिरंगी रानफुलाचा इतर जातींशी संकर करून ते सिद्ध केले. वर दोन, बाजूंस दोन व खाली एक अशा पाच पाकळ्या आणि मध्यभागी काळसर डाग, यांमुळे विचारमग्न मुखाचा भास होतो. नावाचा उगमही ‘विचार’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे.

आमच्या वहिनींस मात्र ते रुचले नव्हते. “भाऊजी, ज्याला वास नाही आणि जे देवाला वाहायचे नाही, त्याच्यासाठी माझ्या शेवंतीचा वाफा कशाला?” असे त्या म्हणाल्या. अखेर एका हंगामापुरता वाफा मिळाला. पूर्वी एकदा आम्ही भर पावसाळ्यात बी पेरून सगळी रोपे कुजविली होती. या खेपेस दसऱ्यानंतर पोयटा, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत मिसळून बी पेरले, वर मातीचा पातळ थर दिला व गोणपाट झाकले. कारण या बियांस रुजावयास अंधार मानवतो. कोंब दिसताच गोणपाट काढले. रोपांस चार-पाच पाने आल्यावर सहा-सात इंचांच्या अंतराने, सकाळचे ऊन व दुपारची सावली मिळेल अशी ती लावली.

डिसेंबरअखेर वाफा फुलला. फुलांस कोणी हात लावू नये असा आमचा दंडक होता. नातीने दोन फुले खुडली तेव्हा ती रडेपर्यंत आम्ही तिला रागावलो. आणि तरीही पंधरवड्यात बहर ओसरला.

प्रदर्शनातील एका वृद्ध माळ्यास कारण विचारले. तो हसून म्हणाला, “आजोबा, फूल कोमेजलं की देठासकट खुडायचं. बी धरलं की झाडाचं काम संपलं. मग ते कशाला फुलंल?”

चाळीस वर्षे मुलांच्या चुका काढण्यात घालविलेल्या माणसास आपली चूक लहान मुलीपुढे कबूल करणे सोपे नसते. घरी येताच आम्ही तिला जवळ बोलावून सांगितले, “बाळ, तू बरोबर होतीस; चुकलो आम्ही.” तिने गंभीरपणे विचारले, “मग आता रोज खुडू?” त्या दिवसापासून ते काम तिचे झाले. फेब्रुवारीच्या मध्यास नव्या कळ्या आल्या. काही बोंडे तिने मुद्दाम राखली; ती तीन फाकांत उकलून बी दूर उडविताना पाहून ती टाळ्या पिटी.

मार्चअखेरच्या उन्हाने झाडे करपली. या झाडांस आपला उन्हाळा सोसत नाही; तेथे उपाय चालत नाही. ठरल्याप्रमाणे आम्ही वाफा परत करावयास गेलो. वहिनी म्हणाल्या, “अर्धाच घेते, भाऊजी. अर्धा पोरीसाठी राहू द्या.”