चौथं नाव

आम्ही इथं नेहमी कोकणातली गावं, सिनेगॉग, आडनावं यांच्या जुन्या हकिकती लिहितो. आजची हकिकत घरची आहे आणि तीत चूक आमचीच आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी मुंबईच्या किंवा अलिबागकडच्या वाटणीचे कागद अजून फिरताहेत, म्हणून लिहायचं ठरवलं.

आमचे काका 2016 साली मुंबईत वारले. सगळं घरदार इस्राएलला आलं, ते मात्र माझगाव सोडून हलले नाहीत. लग्न केलं नव्हतं आणि मृत्युपत्रही नव्हतं. बँकेतल्या ठेवी आणि पोस्टातली बचत मिळून 48 लाख रुपये निघाले. भारतात आपल्या लोकांच्या वारसाला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मयताला बायको, मुलं, आईवडील कोणी नसेल तर भाऊ आणि बहिणी सारख्या हिश्शाचे धनी, आणि आधी वारलेल्याचा हिस्सा त्याच्या मुलांचा. आमचे वडील गेलेले. तेव्हा निम्मे आम्हां चार भावंडांना, निम्मे दिमोनाच्या आत्याला. आमच्या वाट्याला प्रत्येकी सहा लाख आले.

सक्सेशन सर्टिफिकेटच्या अर्जात मयताचं कुटुंब, जवळचे नातेवाईक आणि त्यांचे पत्ते द्यावे लागतात. आम्ही तेल अवीवच्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्रावर सह्या केल्या. मुंबईच्या वकिलानं फोनवर विचारलं, “आणखी कोणी?” आम्ही म्हटलं, “कोणी नाही.”

तीन वर्षांनी पुण्याहून पत्र आलं. एक भाऊ, एक बहीण. त्यांची आई काकांची सख्खी बहीण, ती 2011 साली वारली. सोबत तिचा सर एली कदुरी शाळेतला शाळा सोडल्याचा दाखला, त्यावर बापाचं नाव आमच्या आजोबांचं. भाषा फार नम्र होती. आमच्या आईचा हिस्सा आम्हाला मिळावा, एवढंच.

दादा पहिल्यांदा म्हणाला ते आम्ही सगळेच मनात म्हणत होतो: “हे नवे वारस आले कुठून?”

कुठून आले ते आम्हाला ठाऊक होतं. आजोबांच्या तेफिल्लाच्या पहिल्या पानावर मुलांच्या जन्मतारखा लिहिल्या आहेत. तीन नावं वाचता येतात. चौथ्यावर शाई फिरवलेली आहे. लहानपणी विचारलं की आजी पान उलटायची. मोठेपणी कानांवर आलं की 1958 साली एका मुलीनं हिंदू मुलाशी लग्न केलं आणि आजी तिच्या नावानं सात दिवस जमिनीवर बसली, मेलेल्या माणसासाठी बसतात तशी. पुढं तिचं नाव कोणी घेतलं नाही. वकिलानं विचारलं तेव्हा आम्ही खोटं बोलतोय असं आम्हाला वाटलंच नाही. खोटं इतकं जुनं झालं की घरच्या सामानासारखं होतं.

दादानं तोच मुद्दा काढला. ती समाजाबाहेर गेली, मग हक्क कसला? वकिलाचं उत्तर एका ओळीचं होतं: समाजानं टाकलं किंवा धर्म सोडला म्हणून भारतात वारसाहक्क जात नाही, 1850 सालीच तसा कायदा झाला होता. बाकीचंही त्यानं सांगितलं. दाखला बघून बँकेनं सद्भावनेनं पैसे दिले, बँक मोकळी. ज्यानं पैसे घेतले त्यानं खऱ्या हक्कदाराला हिशेब द्यायचा. आणि महत्त्वाची गोष्ट लपवून दाखला घेतला असेल तर तो रद्दही होतो. हे ऐकून दादा गप्प झाला. आम्हाला मात्र वडील आठवले. आपल्या लोकांच्या आजी-पणजींची चौकशी करा असं रब्बींनी म्हटलं, तेव्हा 1964 साली जेरुसलेमला धरणं धरून बसलेल्यांत ते होते. त्या रागाच्या गोष्टी ऐकत आम्ही वाढलो.

आम्ही दिमोनाला फोन केला. आत्या आता 86 वर्षांची आहे.

“आत्या, तुला माहीत होतं ना?”

“बहीण होती रे माझी. माहीत नसायला काय झालं?”

“मग कागदावर तिघांचीच नावं कशी दिलीस?”

“आईला शब्द दिला होता.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “मुलं कशी आहेत तिची? काळी की गोरी?”

आमच्यात हा प्रश्न कुठून येतो ते वाचकांना सांगायला नको. आम्हाला हसू आलं आणि लाजही वाटली.

हिशेब सोपा होता. दोनाचे तीन हिस्से झाले, म्हणजे मिळालेल्यातला तिसरा भाग परत. आत्याचे आठ लाख, आमचे प्रत्येकी दोन. सोपा नव्हता तो पैसा. दादाचा मश्कांतामध्ये गेला होता, धाकटीचा मुलीच्या लग्नात. आत्यानं घराचं छप्पर केलं होतं, पण उरलेले तसेच ठेवले होते. तिनं सगळ्यांत आधी दिले. पुण्याची मंडळी कोर्टात गेली नाहीत. व्याज नको, हप्ते चालतील म्हणाली. आम्ही वकिलाकडून लेखी करार करून घेतला. तसा प्रत्येकानं करावा, नातं कितीही गोड असो.

पुढच्या एका पत्रात त्या भावानं लिहिलं की काका दर भाऊबीजेला पुण्याला यायचे. ओवाळून घ्यायचे, बहिणीच्या हातचं मटण खायचे नाहीत, चहा आणि केळी घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. हे पन्नास वर्षं चाललं आणि आमच्यापैकी कोणाला पत्ता नव्हता. काका गेले तेव्हा आमच्यातलं कोणी वेळेत पोहोचू शकलं नव्हतं. मूठमाती द्यायला हा भाचा उभा होता.

तेफिल्लावरची शाई निघण्यातली नाही. नाव शेजारी पुन्हा लिहिलं आहे, जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून. दादा अजून म्हणतो की तो कायद्यापुरते पैसे देतोय. त्याचा शेवटचा हप्ता येत्या पेसाखनंतर जाईल.