व्याघ्रद्वारांतून

निवृत्त शिक्षकास परदेश घडतो तो बहुधा मुलाच्या नोकरीमुळें. आम्हांसही सन 2018 मध्यें हाँगकाँग दिसलें तें असेंच. तेथून एके सकाळीं चिरंजीवांसह आम्ही बोटीनें कँटनकडे, म्हणजे आजच्या ग्वांगचौकडे, निघालों. आगगाडी असतांना बोट कशासाठीं, असें सूनबाईंनीं विचारलें. ‘ज्या वाटेनें आपल्या देशाचा माल गेला, ती वाट पाहावयाची आहे,’ एवढेंच आम्हीं सांगितलें.

समुद्र संपून मोत्यांची नदी कोठें सुरू झाली, हें कळलें नाहीं. मुखापाशीं ती इतकी रुंद कीं दोन्ही तीर धूसर. पाणी मात्र हळूहळू गढूळ होत गेलें. पुढें तीर जवळ आले आणि 1997 सालच्या एका प्रचंड झुलत्या पुलाखालून बोट गेली. हेंच हूमन. या नांवाचा अर्थ व्याघ्रद्वार! नदीच्या रक्षणासाठीं चिनी तोफांचे बुरूज येथेंच उभारले होते.

याच ठिकाणीं जून 1839 मध्यें बादशहाचा खास अधिकारी लिन त्सेश्यू यानें परदेशी व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. खंदकांत पाणी, मीठ व चुना घालून ती विरघळविली आणि समुद्रांत सोडून दिली. या कामास सुमारें तीन आठवडे लागले. आपण जल दूषित करीत आहों, म्हणून त्यानें समुद्रदेवतेची क्षमा मागितली होती. शय्येवरून उतरतांना भूमीची क्षमा मागणाऱ्या आम्हांस हा मनुष्य परका वाटेना.

तीस वर्षें आम्हीं इतिहास शिकविला. अफूचें युद्ध, 1842 चा नानकिंगचा तह, हाँगकाँग इंग्रजांस मिळालें, पांच बंदरें खुलीं झालीं. इतकें फळ्यावर लिहून पुढील धड्याकडे वळत असूं. इंग्रजांचा दोष सांगतांना आमचा आवाज चढे. एकदां एका मुलानें विचारलें, ‘गुरुजी, ती अफू पिकत कोठें होती?’ ‘बंगाल-बिहारांत, कंपनीच्या अमलाखालीं,’ असें उत्तर आम्हीं दिलें. तें खरें होतें; पुरें नव्हतें. दुसरी अफू माळव्याची होती. शिंदे-होळकरांच्या मुलखांत पिकून ती मुंबई बंदरांत गलबतांवर चढे. तिच्यावर आपल्या संस्थानिकांनीं महसूल घेतला, सावकारांनीं व्याज घेतलें, शेठियांनीं नफा मिळविला. सर जमशेटजी जिजीभाई तरुणपणीं स्वतः चीनच्या सफरी करीत. त्यांच्या संपत्तींत अफूचा वांटा मोठा होता. त्यांच्याच दानाचें रुग्णालय मुंबईंत 1845 पासून गोरगरिबांस आधार देत आलें आहे. पुण्य आणि पाप एकाच थैलींतून निघालेलें पाहून कोणास काय म्हणावें? आम्हांस कळत होतें तें इतकेंच, कीं फळ्यावरील आमचा धडा अर्धा होता.

सुमारें दोन तासांनीं बोट कमलगिरीच्या धक्क्यास लागली. ग्वांगचौची वेस आतां आली होती. टेकडीवर 1612 सालचा उंच मनोरा आहे. जुन्या काळीं गलबतांस तो कँटन जवळ आल्याची खूण देई. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, तेथें उभे राहा, छायाचित्र घेतों.’ आम्ही उभे राहिलों. पण चित्त त्या मुलाच्या प्रश्नापाशीं होतें.

घरीं परतल्यावर त्या विद्यार्थ्याचा पत्ता मिळविला. आतां त्याचींही मुलें शाळेंत जातात. आम्हीं पत्र लिहिलें: ‘तुझ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आमच्याकडे राहिलें होतें, तें आज पाठवीत आहों.’