गणिताच्या बाईंचे कागद

जुने कागद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सनदा, इनामपत्रे, वंशावळी आणि कोर्टाचे निकाल उभे राहतात. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत मोडीतले असे एखादे दप्तर लाल रुमालात बांधून ठेवलेले असते. ते वाचता येत नसले तरी दसऱ्याला त्याची पूजा होते. घरातल्या बाईने काही लिहून ठेवले असेल, तर ते स्तोत्रे, पाककृती किंवा वाणसामानाचा हिशेब, अशी आपली समजूत असते. तिने बीजगणिताच्या वह्या मागे ठेवल्या तर त्यांचे काय करायचे, याचा रिवाज आपल्याकडे नाही.

काचीगुड्याचे आमचे जुने घर पाडून तेथे सदनिका बांधायचे ठरले, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे आला. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझ्या आत्याच्या वह्या निघाल्या. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवीत असे. राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग १९४९ साली सुरू झाला. पुढे शाळेत त्याची तुकडी निघाली, तेव्हा खाकी गणवेश चढवून तिचे नेतृत्वही आत्यानेच केले. एकाच वहीत पुढून त्रैराशिके आणि मागून शिबिराच्या तंबूंचा हिशेब! माझा पुतण्या हायटेक सिटीत संगणकाच्या कंपनीत आहे. रद्दीचा गठ्ठा बांधता बांधता त्याने विचारले, “काका, या वह्या आता कोण वाचणार?” प्रश्नात उर्मटपणा नव्हता. नव्या घरात जागा कमी होती, आणि मोडी दप्तर तर ठेवायचेच होते.

मी त्याला ग्रेस हॉपर यांची हकीकत सांगितली. प्रोग्रामात शिरलेले ‘बग’ शोधण्यात त्याचा दिवस जातो, पण या बाईंचे नाव त्याने ओझरतेच ऐकले होते. न्यूयॉर्कमध्ये १९०६ साली जन्मलेल्या हॉपरबाई १९३१ पासून व्हासर या मुलींच्या महाविद्यालयात गणित शिकवीत. १९३४ साली त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात त्यांना नौदलात जायचे होते. वय जास्त, वजन कमी, शिवाय गणिताच्या प्राध्यापकांनी आपल्या जागीच राहावे असा सरकारचा आग्रह. तरीही हट्टाने त्या १९४३ च्या डिसेंबरात भरती झाल्या आणि पुढच्या वर्षी हार्वर्डमधील ‘मार्क-१’ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर रुजू झाल्या. त्या यंत्राचे पाचशेहून अधिक पानांचे माहितीपुस्तक १९४६ साली निघाले, ते मुख्यतः त्यांनीच लिहिलेले.

पुढच्या ‘मार्क-२’ यंत्राची एक रोजवही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. १९४७ च्या ९ सप्टेंबरला यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंगाचा किडा कुणीतरी बाहेर काढला आणि चिकटपट्टीने वहीत लावून ठेवला. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणण्याची रीत त्याआधीही होती, आणि किडा हॉपरबाईंनी स्वतः पकडलेला नव्हता. पण ही गोष्ट जगभर सांगितली ती त्यांनीच. त्या १९८६ साली रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, वयाच्या ७९ व्या वर्षी. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना तारेचे सुमारे ३० सेंटीमीटरचे तुकडे वाटत. एका नॅनोसेकंदात प्रकाश जास्तीत जास्त एवढेच अंतर जातो, हे हातात धरून कळावे म्हणून. अंगावर नौदलाचा गणवेश असला तरी आतली शिक्षिका हटली नव्हती.

त्यांच्या पदकांवरून त्यांचा मान कळतो. पण त्या आणि त्यांचे सहकारी रोज कसे काम करीत, काय अडत असे, कशावर हसत, हे कळायला रोजवह्या आणि टिपणेच उघडावी लागतात. ज्या दिवशी ते लिहिले गेले त्या दिवशी कुणालाही ते जपण्याजोगे वाटले नसते.

मग आम्ही दोघांनी आत्याच्या वह्या नीट पाहिल्या. ती उस्मानिया विद्यापीठात शिकली तेव्हा गणितसुद्धा उर्दूतून शिकवीत. त्यासाठी १९१७ साली निजाम सरकारने ‘दारुत्तर्जुमा’ हे भाषांतर खाते उघडले होते. पण तिला शिकवायचे होते मराठी मुलींना. म्हणून पहिल्या वहीत तिने दोन रकाने आखलेले : मुसल्लस म्हणजे त्रिकोण, जर्ब म्हणजे गुणाकार, मसावात म्हणजे समीकरण. एका धड्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे, “आज कोणालाच उमगले नाही. उद्या चिंचोके घेऊन.” हैदराबादेतल्या एका वर्गात गणित उर्दूतून मराठीत कसे आले, हे कोणत्या सरकारी फायलीत सापडणार? पुतण्याने गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि पानांची छायाचित्रे घेण्याचे काम स्वतःकडे घेतले.

वाचकांना विनंती एवढीच, की घर बदलताना आजीची, आत्याची, मावशीची वही निघाली तर ती आधी उघडून पाहावी. प्लॅस्टिकमध्ये डकवून घेऊ नये, चिकटपट्टी लावू नये. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. कोणाची, कोणत्या शाळेतली, कोणत्या सालची, हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. जिची वही ती नसेल, तर तिच्या मैत्रिणींना विचारावे. उर्दूतून शिकून मराठीतून शिकवणाऱ्या त्या पिढीतल्या ज्या कोणी उरल्या आहेत, त्या आज नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्यापुढे वही ठेवायची तर दिवाळीच्या साफसफाईची वाट पाहू नये.