लाय नदीचं देणं

‘दोंगझोउ लिएगुओ झी’ या चिनी कादंबरीला नायक नाही. असणार तरी कसा? पाचशेहून अधिक वर्षांचा पट, 108 प्रकरणं. राजे येतात, राज्यं बुडतात, आणि अखेर इसवी सनापूर्वी 221 मध्ये छिन राज्य सगळ्यांना गिळून बसतं. मिंग काळाच्या उत्तरार्धात फंग मंगलोंगने एक जुनी कथा इतिहासाशी ताडून नव्याने लिहिली. पुढे छिंग काळात त्साय युआनफांगने तिच्यावरून हात फिरवला.

या गर्दीत माझा पाय अडतो तो वू झिशूपाशी. छू राज्याच्या फिंग राजाने त्याच्या बापाला आणि भावाला ठार केलं. डोक्यावर इनाम लागलेला हा माणूस पळत सुटला. सीमेवरचं नाकं कसं ओलांडावं या घोरात एका रात्रीत त्याचे केस पांढरे झाले.

पुढे नदी आडवी आली. एका म्हाताऱ्या कोळ्याने त्याला पार केलं, लव्हाळ्यात लपवून जेवू घातलं. वू झिशूने कमरेची पिढीजात तलवार पुढे केली. ज्याने राजाच्या इनामाकडे पाहिलं नाही, तो तलवार कशाला घेईल? कुणाला सांगू नका, एवढं वू झिशूने विनवलं, तर कोळ्याने आपली होडीच उलटवून जीव दिला.

मग लाय नदीचा काठ. एक बाई सूत धूत होती, शेजारी टोपलीत भात. आईसोबत राहणारी, तीस वर्षांची, परपुरुषाशी कधी न बोललेली. तिने भात पुढे ठेवला. तो संकोचाने थोडंसं खाऊन थांबला, तर म्हणाली, लांब जायचंय ना, पोटभर खा. त्याने तिलाही तेच विनवलं, आणि तिने दगड कवटाळून पाण्यात उडी घेतली. त्या काळाने बाईकडून मागितलेली ही किंमत मला आजही पटत नाही. वू झिशूने बोट चावून रक्ताने दगडावर वीस अक्षरं लिहिली: हे ऋण फेडायला मी येईन.

तो आला. इसवी सनापूर्वी 506 मध्ये, त्याने जिथे आश्रय घेतला होता त्या वू राज्याच्या फौजेने छूची राजधानी घेतली. मेलेल्या राजाचं प्रेत उकरून त्याने तीनशे फटके मारले. पुढे झंग राज्यावर चाल केली, तेव्हा कोळ्याचा मुलगा सामोरा आला आणि बापाच्या पुण्याईवर अख्खं राज्य वाचलं. बाईचं घर मात्र ठाऊक नव्हतं. हजार मोहरांचं सोनं त्याने लायच्या पाण्यात सोडलं.

पुढे ज्या फूचायला त्याने वू राज्याची गादी मिळवून दिली, त्यानेच त्याला तलवार पाठवून जीव द्यायला लावला. राजाला उपकार विसरणं परवडतं.

लढायांच्या पुस्तकात मी हाच हिशेब शोधते: कुणी कुणाला जेवू घातलं. राजांच्या वंशावळी सांगता सांगता या कादंबरीने एका टोपलीतल्या भाताची नोंद ठेवली, म्हणून तिच्यावर माझा जीव आहे.