गांधी सरोवर

केदारनाथच्या मंदिरामागून उत्तरेकडे चढू लागले, की यात्रेचा गजबजाट हळूहळू विरत जातो. मंदिरच मुळी ३,५८३ मीटर उंचीवर असल्यामुळे पुढची वाट जेमतेम दोन-तीन किलोमीटरांची असूनही पथिकाला पावलोपावली थांबून दम घ्यावा लागतो. झाडे केव्हाच खाली राहिलेली असतात. आखूड गवतही मागे पडते आणि समोर दगडगोट्यांचा प्रचंड ढिगारा उभा ठाकतो. चोराबारी हिमनदीने शतकानुशतके डोंगर खरवडून आणलेला हा गाळसाळ होय. हिमनदी मागे हटली, आणि तिच्या कडेचा हा हिमोढ बांधासारखा उभा राहिला. त्याच्या आड बर्फाचे व पावसाचे पाणी साचून सरोवर झाले. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश येथे विसर्जित करण्यात आला. तेव्हापासून चोराबारी तालास लोक गांधी सरोवर म्हणू लागले.

सरोवराची लांबी सुमारे चारशे मीटर, रुंदी दोनशे. वारा पडला म्हणजे त्या निश्चल पाण्यात हिमशिखरे उतरत. पाहणाऱ्याला वाटे, हे सारे अनादी आहे! परंतु त्या बांधाला ना चुना होता, ना सांडवा. माती, वाळू आणि गोटे एकावर एक पडले होते, इतकेच. तळाशी जेवढे झिरपे, तेवढेच पाणी बाहेर जाई.

जून २०१३ मध्ये पाऊस वेळेआधीच आणि अतोनात कोसळला. वितळत्या बर्फाची त्यात भर पडली. १७ जूनच्या सकाळी बांध फुटला आणि पाच-दहा मिनिटांत सारे सरोवर रिते झाले. मंदाकिनीच्या काठचे रामबाडा, जिथे दमलेले यात्रेकरू घटकाभर टेकत, आदल्या संध्याकाळपासूनच्या पुरात नकाशावरून पुसले गेले. त्या दिवसांत उत्तराखंडात हजारो माणसे प्राणांस मुकली. मंदिर मात्र वाचले. प्रवाहाबरोबर आलेली एक अजस्र शिळा त्याच्या पाठीशी अडली आणि लोंढा दुभंगला.

आजही काही पथिक ती चढण चढतात. केवळ देखाव्यासाठी आलेला निराश होऊन लगेच परततो. त्याला दोष कसा द्यावा? जो थांबतो, त्याला काठावरून दगडांनी भरलेली एक विस्तीर्ण परात दिसते. तिच्या कडेला मोठे खिंडार पडलेले आहे. त्या खिंडारातून पाहिले, की थेट खाली केदारनाथची खोरे आणि मंदिराभोवतीची नवी घरे दिसतात.