एक नाव, दोन नंबर

बालमित्रांनो, तुम्हाला किती जणांचे फोन नंबर तोंडपाठ आहेत? आईचा? बाबांचा? बाकीचे सगळे फोनच्या पोटात, होय ना? फोनमधली नावं आणि कॉम्प्युटरमधली नावं एकसारखी कशी राहतात, ती गंमत आज सांगतो.

हल्ली फोन हे काम इंटरनेटवरून गुपचूप उरकतो. पण २००४ साली आमच्या बाबांनी मोबाइल घेतला, तेव्हा सगळे नंबर होते घरच्या कॉम्प्युटरमध्ये. त्या इवल्याशा बटणांवर दोनशे नावं कोण टाइप करणार? मग मी कॉम्प्युटरला अंगठ्याएवढं ब्लूटूथचं यंत्र लावलं. दोन्हीकडे एकच आकडा टाइप केला आणि दोघांची ओळख पटली. मध्ये वायर नाही, काही नाही!

ब्लूटूथ म्हणजे निळा दात, बरं का! दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं हे टोपणनाव. त्याने विखुरलेला मुलूख एक केला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनाही एकमेकांशी बोलतं करायचं होतं, म्हणून १९९७ साली हे नाव सुचवलं गेलं. हे बोलणं चालतं रेडिओलहरींवर. त्याच लहरींच्या गर्दीत वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. मग गोंधळ टाळायला ब्लूटूथ ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० उड्या मारत जातं!

आता नावं जुळतात कशी? मागची भेट कधी झाली, याची खूण दोन्ही यंत्रं ठेवतात. त्यानंतर जे बदललं, तेवढंच एकमेकांना सांगतात. इकडे नवं नाव आलं, की तिकडेही येतं. इकडे पुसलं, की तिकडेही पुसलं जातं. पण एकच नाव दोन्हीकडे बदललं असेल तर?

तसंच झालं एकदा. आत्याच्या नावापाशी पडद्यावर प्रश्न आला, ‘कोणतं ठेवू?’ फोनमध्ये बाबांनी तिचा नवा मोबाइल नंबर घातला होता. कॉम्प्युटरमध्ये साताऱ्याच्या घरचा जुना नंबर होता आणि त्यापुढे आईने लिहिलं होतं, ‘घर विकलं’. मी नव्या नंबरावर क्लिक करणार, तोच बाबा म्हणाले, “थांब.”

“अहो बाबा, तिथे आता कोण फोन उचलणार?”

“कुणी नाही, ठाऊक आहे मला. पण वीस वर्षं फिरवलाय तो नंबर मी. राहू दे.”

मी दोन्ही ठेवले.

मुलांनो, नवं कोणतं आणि जुनं कोणतं, हे यंत्राला बरोबर कळतं. आपल्याला हवं कोणतं, हे मात्र त्याला आपणच सांगावं लागतं. आणखी एक ध्यानात ठेवा. जुळवणी म्हणजे जपणूक नव्हे. एकीकडे चुकून पुसलेलं दुसरीकडेही जातं, म्हणून एक प्रत वेगळी हवीच.

तेव्हा या रविवारी एक करा. आई-बाबांजवळ बसून जवळच्या दहा माणसांचे नंबर वहीत लिहून काढा. एखादा नंबर आता लागत नसेल, तर तो कुणाचा होता, हे आधी विचारा. पुसायचा की ठेवायचा, ते मग ठरवा!