बर्फावरची खतावणी

बर्फ हा पदार्थ मी आजवर दोनच ठिकाणी पाहिला आहे. उसाच्या रसात आणि आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात. तेव्हा पायांना लांब फळ्या बांधून त्यावरून घसरत जाण्याचा खेळ मुळात कोणी काढला, या वादात पडण्याचं मला तसं काही कारण नव्हतं. पण पडलो. आणि बर्फावर पडलेल्या माणसासारखाच, पडल्यावर बराच लांबपर्यंत घसरत गेलो.

दोष माझ्या कात्रणांच्या नादाचा. बँकेनं रद्दीत काढलेल्या एका कोऱ्या खतावणीत (रीतसर परवानगी घेऊन आणली आहे, ऑडिटवाल्यांनी नोंद घ्यावी) मी गेली अठरा वर्षं वर्तमानपत्रांतल्या 'ज्ञानात भर' घालणाऱ्या चौकटी चिकटवत आलो आहे. आमचे वडील म्हणत, "माणूस खोटं बोलेल, पण छापलेलं खोटं नसतं. एकेक खिळा जुळवायला केवढे कष्ट पडतात! ते खोट्यासाठी कोण घेईल?" वडिलोपार्जित म्हणून मला एक सायकल आणि ही श्रद्धा एवढंच मिळालं. सायकल लवकर मोडली.

खतावणी घरात मनापासून वाचणारी एकच व्यक्ती, आमची कन्या. इयत्ता आठवी. आंतरशालेय सामान्यज्ञान स्पर्धेत तिची शाळा अंतिम फेरीत गेली. दोन्ही बाजूंचे गुण सारखे. शेवटचा प्रश्न, "स्कीइंगचा उगम कोणत्या देशात झाला?" कन्येनं घंटा दाबली आणि खणखणीत सांगितलं, "स्वित्झर्लंड. १८९४ साली आर्थर कॉनन डॉइल यांनी सुरू केलं." परीक्षकांनी हातातला कागद पाहिला. "चूक. नॉर्वे." ढाल पलीकडच्या टेबलावर गेली.

घरी आल्यावर ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिनं खतावणी आणली, माझ्या ताटाशेजारी उघडून ठेवली आणि एका चौकटीवर बोट ठेवलं. 'शेरलॉक होम्सच्या जनकानेच लावला स्कीइंगचा शोध!' उद्गारचिन्हासकट. चौकटीच्या कोपऱ्यात तारीख माझ्याच अक्षरात.

"आमटी घ्या, निवतेय," सौ. म्हणाली. त्या सुराचा आमटीशी काही संबंध नव्हता.

नोकरीला लागलो तेव्हा सव्वा रुपयाच्या फरकासाठी रात्री साडेनऊपर्यंत व्हाउचरं उलटीपालटी केलेला मी माणूस. म्हटलं, हाही फरक शोधायचा. वाचनालयातले जाडे ग्रंथ, भाच्याचा मोबाइल आणि दोन रजा खर्ची घातल्या.

सुरुवात डॉइलसाहेबांपासून. पत्नीला क्षय झाला म्हणून हा गृहस्थ दाव्होसच्या कोरड्या हवेत येऊन राहिला होता. डिसेंबर १८९३ मध्ये त्यानं होम्सला स्विस धबधब्यात ढकलून मोकळं केलेलं, तेव्हा हाताला काम नव्हतं. मार्च १८९४ मध्ये तो स्की घालून डोंगर ओलांडून दाव्होसहून आरोझाला गेला आणि डिसेंबरात त्याचं झकास वर्णन 'स्ट्रँड' मासिकात लिहिलं. एवढं खरं. पण त्याला नेणारे होते दाव्होसचे ब्रँगर बंधू, आणि ते दोघं तीच खिंड आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, पार करून आले होते! म्हणजे मूळ खातेदार ब्रँगर, आणि पासबुकावर नाव डॉइल. बरं, साहेबानं हे लपवलंही नाही. उलट घसरून घसरून आपल्या ट्वीडच्या विजारीची बूड कशी झिजली, तेच चवीनं लिहिलं. आरोझाच्या हॉटेलातल्या वहीत ब्रँगरनं त्याच्या नावापुढे धंदा म्हणून 'क्रीडापटू' लिहिलं, तेही चुकीच्या स्पेलिंगात, याचं त्याला कोण कौतुक! लेखक प्रामाणिक. घोटाळा पुढे मथळे देणाऱ्यांनी केला.

मग परीक्षकांचं नॉर्वे तरी बरोबर का? तिथल्या टेलेमार्क भागात मॉर्गेदाल नावाचं खेडं आहे. तिथला सोंद्रे नोरहाइम, जन्म १८२५. यानं टाचेमागून वेत वळवून पाय फळीला असा काही जखडला, की उडी मारली तरी फळी निसटू नये, आणि वळताही यावं. १८६८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, राजधानीतल्या स्पर्धेत त्यानं तरण्या पोरांना मागं टाकलं. (माझं वय तेवढंच आहे. मी बँकेचा जिना चढतो तेव्हा शिपाई खुर्ची पुढे करतो.) त्याला आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणतात. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकची ज्योत त्याच्या घरातल्या चुलीवर पेटवून नेली. एवढा मान, पण तो स्वतः १८८४ मध्ये पोटासाठी अमेरिकेत गेला आणि १८९७ मध्ये तिकडेच नॉर्थ डाकोटात वारला. ते मैदान असं सपाट, की घसरायचं म्हटलं तर उतार शोधत हिंडावं.

पण 'आधुनिक' हा शब्द पाहिलात ना? वर्तमानपत्रवाल्यांना जागा कमी पडली की पहिला बळी जातो तो याच शब्दाचा. तो उडवला, की १८६८ च्या आधी जगात स्की नव्हतीच असं होतं. वास्तविक स्वीडनमध्ये कालव्ह्त्रेस्कच्या दलदलीत १९२४ साली सापडलेली स्की सुमारे ५,२०० वर्षांची आहे. रशियात सिंदोर तळ्याजवळ तर १९६० च्या दशकात ८,००० वर्षांपूर्वीचा तुकडा निघाला. त्याच्या टोकाला खालच्या अंगानं सांबरासारख्या एल्क नावाच्या जनावराचं डोकं कोरलंय. शोभेची शोभा आणि ब्रेकचा ब्रेक, फळी मागं घसरू नये म्हणून! आठ हजार वर्षांपूर्वी ब्रेक होता. आमच्या सायकलीला नव्हता.

याच्याही पुढे चीन. शिनजियांगमधल्या अल्ताई डोंगरात गुहेच्या भिंतीवर फळ्यांवर उभ्या माणसांची चित्रं आहेत. २००६ मध्ये तिथं रीतसर जाहीर करून टाकलं, की स्कीइंगची जन्मभूमी हीच. दहा हजार वर्षं आणि वर. आता लाकडाचं वय प्रयोगशाळेत निघतं, खडकावरच्या रंगाचं तसं सहजी निघत नाही, म्हणून पंडितांत एकमत नाही. मात्र तिथले लोक आजही फळीच्या तळाला घोड्याचं कातडं लावतात. केस मागे वळलेले, त्यामुळे चढताना धरतं, उतरताना सुटतं. हे पाहिल्यावर, यांना कोणी युरोपातून येऊन शिकवलं असेल असं मला तरी वाटत नाही.

वयाच्या गोंधळाचा कळस नॉर्वेतच सापडला. तिथल्या त्रो बेटावर खडकात कोरलेला एक स्कीवाला होता. १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमधली खेळांची चिन्हं त्याच्यावरून सुचली. २०१६ मध्ये दोन पोरांना वाटलं, रेघा पुसट दिसताहेत, जरा ठळक करू. केल्या! बिचाऱ्यांनी माफी मागितली. हेतू चांगला होता, पण चित्र कायमचं गेलं. ती बातमी वाचावी तर कुठं ते चित्र चार हजार वर्षांचं, कुठं पाच. एक हजार वर्षं इकडची तिकडे, आणि कोणाला मेमो नाही.

सगळा हिशेब मी कन्येपुढे मांडला. तिचा चेहरा खुलला. "म्हणजे बाबा, तो प्रश्नच चुकीचा होता!" तिनं वर्गशिक्षिकांच्या मदतीनं आयोजकांकडे रीतसर तक्रार दिली. ढाल नको, निदान प्रश्न रद्द करा. आणि मी, पुरावा भक्कम व्हावा म्हणून, त्या चौकट छापणाऱ्या वर्तमानपत्राला चार पानी पत्र लिहिलं. डॉइल नाही, ब्रँगर आधी. नोरहाइम केवळ आधुनिक प्रकाराचा जनक. त्याआधी स्वीडन, रशिया, अल्ताई. सगळं सालवार.

तीन आठवड्यांनी पत्र छापून आलं. जागेअभावी चार ओळी. 'स्कीइंगचा शोध डॉइल यांनी लावलेला नसून तो नॉर्वेच्या सोंद्रे नोरहाइम यांनी १८६८ साली लावला, हे वाचकांच्या निदर्शनास आणू इच्छितो.' खाली माझं नाव, पत्त्यासह. या खेपेला मात्र ते बिनचूक छापलं होतं.

दुसऱ्या दिवशी आयोजकांचं उत्तर शाळेत आलं. तक्रार फेटाळली होती. सोबत पुरावा म्हणून वर्तमानपत्रातलं एक ताजं कात्रण जोडलेलं होतं.

कन्येनं ते ताटाशेजारी ठेवलं नाही. जेवणं झाल्यावर तिनं खतावणी काढली, माझ्या पत्राच्या कडा कात्रीनं सरळ केल्या, डिंक लावून ते डॉइलसाहेबांच्या समोरच्या पानावर चिकटवलं आणि कोपऱ्यात तारीख घातली. मग माझ्याच खिशातलं तांबडं पेन काढून खाली लिहिलं, 'डिफरन्स : सुमारे ७,८५० वर्षे', आणि सहीसाठी वही माझ्यापुढे सरकवली.